स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या अखेरच्या काळाची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसरण्याच्या आजाराने कोणी दगावते का? मग अखेरच्या काळाचा विचार आतापासून कशासाठी करायचा?

दगावते, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक घरांना फार उशिरा कळते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत सुरुवातीची वर्षे निघून जातात. नंतर निदान होते आणि गोळ्या सुरू होतात, परंतु हा आजार मेंदूचा आहे आणि मेंदू फक्त आठवणी सांभाळत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. चालणे, बसणे, लघवी-शौचावरचा ताबा, गिळणे आणि खोकून घसा मोकळा करणे ही सगळी कामेही मेंदूच चालवतो. आजार वाढत गेला की ती एकेक करून थांबतात, आणि शेवट बहुधा फुफ्फुसांतील संसर्ग, खाणेपिणे सुटणे किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या गुंतागुंतीतून येतो. अमेरिकेत बोस्टन परिसरातील शुश्रूषागृहांमध्ये अतिप्रगत स्मृतिभ्रंशाच्या ३२३ रुग्णांचा दीड वर्ष मागोवा घेणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अवधीत निम्म्याहून अधिक रुग्ण मरण पावले, आणि शंभरातील सुमारे शहाऐंशी जणांना खाण्यापिण्याच्या अडचणी आल्या.

भारतात साठीच्या पुढील लोकांमध्ये या आजाराचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील बहुतेकांची देखभाल घरीच होते. त्यामुळे अन्नासाठी नळी घालायची का, रुग्णालयात न्यायचे का, कृत्रिम श्वासावर ठेवायचे का, हे प्रश्न अखेर एखाद्या मुलीला, सुनेला किंवा स्वतः सत्तरी ओलांडलेल्या जोडीदारालाच सोडवावे लागतात, आणि तेही बहुधा मध्यरात्री.

हे बोलणे केव्हा सुरू करावे? नुकतेच निदान झालेल्या माणसापुढे मरणाचा विषय काढणे निष्ठूरपणाचे नाही का?

कर्करोगाच्या रुग्णाला बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यांपर्यंत आपली इच्छा सांगता येते. स्मृतिभ्रंशात तसे घडत नाही. ज्याच्या शरीराबद्दल निर्णय घ्यायचा तो माणूस निर्णयाची वेळ येण्याच्या कित्येक वर्षे आधीच बोलण्यापलीकडे गेलेला असतो. म्हणून निदानानंतरचे पहिले वर्ष-दोन वर्षे हाच या संवादाचा काळ आहे. तेव्हा गप्प राहणे दयाळूपणाचे वाटते, पण पुढे त्याच गप्प राहण्याचे ओझे मुलांच्या डोक्यावर येते.

निष्ठूरपणाबद्दल अनुभव सांगतो तो वेगळाच. विषय काढताना मुलेच कासावीस होतात. म्हातारी माणसे बहुधा त्यावर आधीच विचार करून बसलेली असतात, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते. शेजारचे कोणी गेले किंवा नात्यातले कोणी महिनाभर अतिदक्षता विभागात पडून राहिले, की ‘माझे असे हाल करू नका रे’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत उच्चारले जाते. ते ‘काहीतरीच काय बोलतेस’ म्हणून उडवून न लावता ‘असे म्हणजे नेमके कसे?’ एवढेच विचारावे. तिथून पुढचे बोलणे सुरू होते.

नेमके काय विचारायचे?

उपचारांची यादी पुढे ठेवून ‘हे हवे की नको’ असे विचारल्यास पदरी फारसे काही पडत नाही, कारण व्हेंटिलेटर म्हणजे काय याची कल्पना धडधाकट माणसालाही नसते. त्यापेक्षा जगण्याबद्दल विचारावे. कोणती गोष्ट करता येईनाशी झाली तर जगण्यात राम उरणार नाही असे त्यांना वाटते? परस्वाधीनतेची भीती जास्त वाटते की वेदनेची? शेवटी घरीच असावे असे वाटते, की घरच्यांची ओढाताण नको म्हणून रुग्णालय चालेल? आपल्या वतीने बोलावे असा विश्वास कोणावर आहे? आणि तो मोठाच मुलगा असला पाहिजे, असे नाही. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत लिहून ठेवावीत. ‘मला कळत नसेल तेव्हा मला जेवायला जबरदस्ती करू नका’ हे आजोबांचे एक वाक्य पुढे कायदेशीर भाषेतील दोन पानांपेक्षा अधिक उपयोगी पडू शकते.

वैद्यकीय इच्छापत्र म्हणजे काय? ते मृत्युपत्रापेक्षा वेगळे असते का?

पूर्णपणे वेगळे. मृत्युपत्र मालमत्तेचे असते आणि मृत्यूनंतर अंमलात येते. वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, ते माणूस जिवंत असताना पण स्वतःचा निर्णय सांगण्याच्या स्थितीत नसताना लागू होते. बरे होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार सुरू करू नयेत किंवा कोणते थांबवावेत, हे त्यात आधीच नमूद केलेले असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून अशा इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती, की न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जाऊन ते करणारे विरळाच निघाले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता सज्ञान आणि मनाने सक्षम असलेली व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून हे इच्छापत्र करू शकते. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. कोणत्या स्थितीत काय नको हे मोघम न ठेवता स्पष्ट लिहावे, परिणाम समजून घेतल्याचे नमूद करावे, आणि आपल्या वतीने संमती देणाऱ्या नातेवाइकांची नावे द्यावीत. एकाहून अधिक नावे देता येतात आणि ती द्यावीतच, कारण ज्याचे नाव दिले तो जोडीदारही तोवर थकलेला असू शकतो. इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते किंवा बदलता येते.

एक प्रत नेमलेल्या नातेवाइकांना, एक कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यावी. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याने एक प्रत जपून ठेवावी, अशीही तरतूद आहे. महाराष्ट्रात असे अधिकारीच नेमलेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर त्या नेमणुका झाल्या. आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करावी. खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक नसण्याची तयारी ठेवून आणि न चिडता जावे. आणि मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही.

आईला निदान झालेले आहे. आता तिची सही ग्राह्य धरली जाईल का?

निदान झाले म्हणजे निर्णयक्षमता संपली, असे नाही. समोर ठेवलेली गोष्ट तिला समजते का, निर्णय घेईपर्यंत ती ध्यानात राहते का, तिच्या बऱ्यावाईट बाजू तोलता येतात का आणि आपली निवड सांगता येते का, यावर क्षमता ठरते. सौम्य टप्प्यात पुष्कळांना हे जमते. स्मरणशक्तीच्या चाचणीत कमी गुण मिळाले एवढ्यावरून कोणी अक्षम ठरत नाही. काल काय जेवलो हे न सांगू शकणारी बाई ‘मला नळ्या घालू नका’ हे तीन वेगवेगळ्या दिवशी ठामपणे सांगू शकते.

पुढे वाद नको म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून त्याच सुमाराचे सक्षमतेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि जमल्यास बोलण्याचे चित्रीकरण करावे. कायदा हे मागत नाही, पण भाऊबंद मागतात. सही सकाळी करून घ्यावी. तिन्हीसांजेला अनेकांचा गोंधळ वाढतो.

वडिलांनी मुखत्यारपत्र करून दिले आहे. तेवढे पुरेसे नाही का?

नाही, आणि या गैरसमजातून अनेक घरे अडचणीत येतात. भारतीय करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवले, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी ठरते. काही देशांत अक्षमतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र असते, त्यामुळे परदेशी राहणारी मुले इथेही तसेच असेल असे गृहीत धरतात. आर्थिक व्यवहारांसाठी संयुक्त खाते, नामांकन आणि वेळेत केलेले मृत्युपत्र यांचा आधार घ्यावा. मोठा व्यवहार अडलाच तर पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्येही आगाऊ निर्देश आणि नामनिर्देशित प्रतिनिधी यांची तरतूद आहे, पण ती मानसिक आजाराच्या उपचारांपुरती आहे. वर सांगितलेल्या इच्छापत्राशी तिची गल्लत करू नये.

आमची वेळ निघून गेली. बाबा आता ओळखतही नाहीत आणि लिहिलेले काहीच नाही. काय करावे?

बहुतेक कुटुंबे याच ठिकाणी उभी असतात. अशा वेळी ‘बाबांसाठी आम्हाला काय हवे?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘बाबा आज क्षणभर भानावर येऊन स्वतःकडे पाहू शकले असते, तर काय म्हणाले असते?’ असे विचारावे. दोन्हींची उत्तरे पुष्कळदा निराळी येतात. ते आयुष्यभर कसे वागले, स्वतःच्या आईच्या आजारपणात काय म्हणाले, इंजेक्शनलासुद्धा नकार देणारे होते की शेवटच्या चेंडूपर्यंत खेळणारे, याच्या आठवणी सर्वांनी एकत्र बसून काढाव्यात आणि निष्कर्ष लिहून डॉक्टरांच्या नोंदींत लावावा.

इच्छापत्र नसतानाही रुग्णालयात जीवन लांबवणारे उपचार थांबवण्याचा मार्ग न्यायालयाने ठेवलेला आहे. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या एका डॉक्टरसह दुय्यम मंडळ त्याची खातरजमा करते. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे अपेक्षित आहे. कुटुंबाची संमती लागते आणि अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. हे सगळे करून एकदा सुरू केलेले यंत्र काढण्यापेक्षा ते सुरू करावे की नाही याचा विचार आधी करणे कितीतरी सोपे असते.

हे इच्छामरण झाले का?

नाही. मृत्यू घडवून आणण्यासाठी काही देणे भारतात गुन्हा आहे आणि इथे त्याबद्दल बोलणे चाललेले नाही. आजार आपल्या गतीने जात असताना त्याच्या वाटेत यंत्रे उभी न करणे, आणि त्याच वेळी त्रास कमी करण्यासाठी जे शक्य ते सर्व करणे, एवढाच याचा अर्थ आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील, हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातील २०११ च्या निकालानेही हाच फरक केला होता. त्यांच्याबाबतीत उपचार थांबवण्याची मागणी न्यायालयाने नाकारली, आणि जवळपास चार दशके त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांचे मत विचारात घेतले.

अखेरचा टप्पा आला हे कसे ओळखायचे?

तारीख कोणी सांगू शकत नाही. हा आजार पायरीपायरीने उतरतो आणि अधूनमधून सपाटीवर रेंगाळतो, त्यामुळे ‘आता गेले’ म्हणून दोनदा सगळे गोळा होऊन परतलेली घरेही आहेत. डॉक्टर ‘फास्ट’ नावाची सात पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. तिच्या सातव्या पायरीवर दिवसाचे बोलणे पाच-सहा शब्दांवर येते, मग एका शब्दावर. त्यानंतर चालणे, आधाराशिवाय बसणे, हसणे आणि शेवटी मान सावरणेही जाते. त्यातच वारंवार न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग, झपाट्याने घटणारे वजन, पाठीवर भरून न येणाऱ्या जखमा दिसू लागल्या, की उरलेला काळ बहुधा महिन्यांत मोजायचा असतो. रक्ततपासण्या आणि स्कॅन यांचा धडाका या टप्प्यावर थांबवला तरी चालतो. कोलेस्टेरॉलसारख्या, वीस वर्षांनंतरचा धोका टाळणाऱ्या गोळ्या बंद करता येतील का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

तिने तोंड मिटून घेतले आहे. नाकातून नळी घालावी का?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक अपराधी वाटायला लावणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्याकडे ‘जेवलात का?’ हीच विचारपूस असते आणि भरवणे हीच माया असते. अशा घरात आईच्या पोटात अन्न नाही ही कल्पनाच सहन होत नाही, आणि ‘नळी घालून टाकू’ हे डॉक्टरांचे वाक्य त्या क्षणी सुटकेसारखे वाटते.

परंतु अतिप्रगत स्मृतिभ्रंशात नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीमुळे आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा पाठीच्या जखमा भरतात, याचा भरवशाचा पुरावा अनेक वर्षांच्या संशोधनानंतरही मिळालेला नाही. स्वतःची लाळ आणि पोटातून वर आलेले अन्न नळी असतानाही श्वासनलिकेत जाते. नळी खुपते म्हणून रुग्ण ती उपटतो, मग हात बांधले जातात, आणि अंथरुणात बांधलेल्या माणसाला जखमा अधिकच होतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संस्थेनेही या टप्प्यावर नळीऐवजी हाताने, जपून भरवण्याचीच शिफारस केली आहे. पक्षाघात किंवा तात्पुरत्या आजारातील नळीची गोष्ट निराळी आहे. तिथे ती काढली जाण्याची आशा असते.

हाताने भरवणे म्हणजे किती कॅलरी गेल्या याचा हिशेब सोडून, चार घास सुखाने जातील एवढे पाहणे. पाठ सरळ करून बसवावे, चमचा लहान घ्यावा, आधीचा घास गिळला गेल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा देऊ नये, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसते ठेवावे. पाणी आणि चहा यांसारख्या पातळ पदार्थांनी ठसका लवकर लागतो. गुरगुट्या भात, घट्टसर आंबील किंवा साईचे दही त्यामानाने सहज उतरते. मधुमेहाची पथ्ये या काळात किती सैल करता येतील, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. मान फिरवली किंवा ओठ मिटले, तर थांबावे. बोलता न येणाऱ्या माणसाचे ते बोलणेच असते.

म्हणजे आम्ही तिला उपाशी ठेवतो आहोत का?

शरीर मिटू लागले की भूक आधी मिटते. ती खात नाही म्हणून तिचा अंत जवळ येतो असे आपल्याला दिसते, पण बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. अंत जवळ आला म्हणून खाणे सुटते. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्न आणि औषध समजूनउमजून सोडले. तो शुद्धीतील माणसाचा निर्णय होता आणि त्याची तुलना इथे करता येणार नाही, पण शेवटी अन्न सुटणे म्हणजे कोणाची तरी हयगय असे आपल्या परंपरेने मानलेले नाही, एवढे त्यावरून दिसते. या दिवसांत खरा त्रास कोरड्या तोंडाचा असतो. दर तास-दोन तासांनी ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसावी, ओठांना तूप लावावे. सलाइनने हा कोरडेपणा जात नाही. उलट अंगावर सूज येते आणि छातीत घरघर वाढते.

ताप आणि कफ वाढला तर रुग्णालयात न्यावे का?

याचा निर्णय ताप नसताना करून ठेवावा. अनोळखी खोली, सुया, रात्रभर दिवे आणि यंत्रांचे आवाज यांमुळे या रुग्णांचा गोंधळ पराकोटीला जातो. प्रतिजैविकांनी आयुष्य काहीसे वाढू शकते, मात्र त्रास कमी होतोच असे नाही. काही कुटुंबे तोंडावाटे औषध घरीच द्यायचे पण सुईवाटे नाही असे ठरवतात, काही केवळ ताप आणि धाप कमी करण्यापुरतेच पाहतात. हाड मोडले तर मात्र वेदनेसाठी न्यावेच लागते. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, अशी नोंद ठेवण्याबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. रुग्णालयात दाखल करावे लागलेच, तर पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारावे.

तो सांगू शकत नाही, मग दुखते आहे हे कसे कळावे?

चेहऱ्यावरून, श्वासावरून, कण्हण्यावरून, अंग आखडण्यावरून, आणि हात फिरवल्यावर शांत होतो की नाही यावरून. ‘पेनॅड’ ही मोजपट्टी याच पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देते आणि घरच्यांनाही ती शिकता येते. ‘चिडचिड करतात’ म्हणून झोपेचे औषध वाढवले जाते, तेव्हा खरे कारण दाढ, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ किंवा माकडहाडावरची जखम असण्याची शक्यता पुष्कळ असते. आधी ते पाहावे. वेदना किंवा धाप फार असेल तर मॉर्फीन योग्य मात्रेत सुरक्षित असते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास शमवणारी सेवा, केवळ कर्करोगासाठी असते हा समज डॉक्टरांमध्येही आढळतो, म्हणून ती आपणहून मागावी लागते. जवळ अशी सेवा कुठे आहे हे कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते.

भावाचे म्हणणे ‘सगळे करा’. तो परदेशात असतो. वाद कसा मिटवावा?

लांबच्या मुलाच्या मनात अजून दोन वर्षांपूर्वीची, विमानतळावर सोडायला आलेली आई असते. त्याला मुद्दे पटवण्याआधी आजची आई दाखवावी. आठवड्यातून एकदा, तिच्या जेवणाच्या वेळी, व्हिडिओ कॉल लावून फोन तसाच राहू द्यावा. डॉक्टरांशी बोलणे त्याने स्वतः, सर्वांच्या उपस्थितीत करावे. खर्चाचा मुद्दाही उघड बोलावा, कारण तो मनात असतोच आणि न बोलल्यास तत्त्वाच्या वेषात बाहेर येतो. जी व्यक्ती रोज डायपर बदलते तिच्या मताला अधिक वजन असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या व्यक्तीत रात्रपाळीच्या ताईही येतात. तब्येतीतला बदल बहुधा त्यांनाच सर्वांत आधी दिसतो, पण रात्री काय करायचे ठरले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि मग घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते. ठरलेल्या गोष्टी आणि फोन करण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत कपाटाच्या दारावर चिकटवावा.

शेवटी मुखात गंगाजल घालायचे असते. ते चालेल का?

भांड्याने किंवा पळीने ओतू नये. गिळता येत नसेल तर पाणी थेट श्वासनलिकेत उतरते आणि शेवटचे क्षण गुदमरण्यात जातात. तुळशीचे पान गंगाजलात बुडवून ओठांना लावावे, तेवढ्याने विधी पूर्ण होतो. ऐकू येणे अखेरपर्यंत टिकत असावे असे मानण्यास जागा आहे, तेव्हा हरिपाठ, रेडिओवरची जुनी गाणी किंवा नुसते नेहमीच्या आवाजातले घरगुती बोलणे चालू ठेवावे.

घरी मृत्यू झाला तर दाखल्याची अडचण येते का?

आधी सोय केलेली नसेल तर येते. घरी झालेल्या नैसर्गिक मृत्यूचे कारण प्रमाणित करण्यासाठी ‘चार-अ’ नमुना असतो आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचा असतो. महिनोन्‌महिने ज्या डॉक्टरने रुग्णाला पाहिलेले नाही तो सही करायला कचरतो आणि त्याची चूक नसते. म्हणून शेवटच्या टप्प्यात कुटुंबाच्या डॉक्टरांना ठरावीक दिवसांनी घरी बोलवावे, त्यांची नोंद ठेवावी, रात्री-अपरात्री ते येतील का हे आधीच विचारावे, आणि ते गावाला जाणार असतील तर पर्यायी डॉक्टरचे नाव घ्यावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. देहदानाचा विचार असल्यास जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरतानाच पाठीच्या जखमा किंवा संसर्ग असल्यास देह स्वीकारला जातो का, सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा आणि शववाहिका कोणी आणायची, हे विचारून त्याच कपाटाच्या दारावरच्या कागदावर लिहून ठेवावे.